फौज नसलेले जनरल

मंत्रालयाजवळच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पत्त्यात एका रस्त्याचे नाव येते : जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग. डोंबिवलीहून रोज सकाळी गर्दीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या आणि मंत्रालयात किंवा नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या असंख्य चाकरमान्यांच्या पायाखालचा हा रस्ता आहे. त्यांतील कित्येकांचे मूळ गाव सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या पट्ट्यातले असते आणि भोसलेही त्याच मातीतले. तरीही हे जनरल नेमके कोणत्या सैन्याचे, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच भेटतील. ते साहजिकही आहे. ज्या सेनेने त्यांना मेजर जनरल हा हुद्दा दिला ती सेना १९४५ मध्येच संपली. ज्या सैन्यात ते तरुणपणी अधिकारी म्हणून दाखल झाले होते, त्या सैन्याने त्यांना पुन्हा आपले म्हटले नाही. पुढचे आयुष्य त्यांनी राजकारणात काढले. त्यातही त्यांचा जीव रमला तो निर्वासितांच्या मुलांत.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ मधला, सावंतवाडी संस्थानातील तिरोडे गावचा. कोकणातल्या मराठा घराण्यांत पलटणीत जाण्याची परंपरा जुनी होती. पण जायचे ते शिपाई म्हणून. सुभेदारापर्यंत मजल गेली म्हणजे गावात मान मिळे. त्यावरची जागा इंग्रजांची. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात दरवर्षी दहा भारतीयांसाठी जागा राखण्यात आल्या. संपूर्ण देशातून दहा! त्या परीक्षेसाठी मुले तयार करावीत म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने लष्करी शाळा उघडली. भोसले या शाळेत शिकले आणि तेथून सँडहर्स्टला गेले. डेहराडूनची भारतीय लष्करी प्रबोधिनी १९३२ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी ज्या मूठभर भारतीयांच्या खांद्यावर अधिकाऱ्याचे चिन्ह चढले, त्यांत हा कोकणी तरुण होता.

याच १९०६ साली कोल्हापूरकडच्या वडगावात आणखी एक मुलगा जन्मला आणि तोही सँडहर्स्टला जाऊन अधिकारी झाला. ते शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. एका वर्षी जन्मलेल्या, एकाच लष्करी महाविद्यालयात घडलेल्या या दोन मराठी अधिकाऱ्यांच्या वाटा दुसऱ्या महायुद्धाने कशा फोडल्या हे पाहण्यासारखे आहे. थोरात १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगावच्या लढाईत जपान्यांविरुद्ध झुंजत होते आणि त्या पराक्रमाबद्दल त्यांना डी. एस. ओ. हे पदक मिळाले. त्याच सुमारास भोसले जपानच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ होते. दोघेही देशभक्त होते, असे आज सहज म्हणता येते. १९४५ मध्ये हे वाक्य उच्चारणे इतके सोपे नव्हते.

हा बदल घडला सिंगापुरात. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी सिंगापूर जपान्यांच्या हवाली केले. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांहून अधिक भारतीय युद्धकैद्यांना गोळा करण्यात आले. ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानी अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले आणि जपानी अधिकाऱ्याने कॅप्टन मोहनसिंग यांच्या. गोऱ्या सैनिकांना वेगळे काढून चांगीकडे नेले होते. ज्यांच्यासाठी लढलो त्यांनी आपल्याला गुरांसारखे सोपवून दिले, ही भावना त्या मैदानावर हजर असलेल्या अनेकांनी पुढे बोलून दाखवली. भोसले त्या वेळी लेफ्टनंट कर्नल होते. मोहनसिंग यांच्यापेक्षा हुद्द्याने आणि सेवेने ते ज्येष्ठ. एका कनिष्ठ कॅप्टनने सेनापती व्हावे आणि ज्येष्ठांनी त्याच्या हाताखाली काम करावे, हे लष्करी शिरस्त्याला धरून नव्हते. भोसल्यांनी ते स्वीकारले. १ सप्टेंबर १९४२ रोजी आझाद हिंद सेना रीतसर उभी राहिली तेव्हा तिच्यातील हिंदुस्थान फील्ड फोर्स या दलाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

कैद्यांनी सेनेत जावे की न जावे, हा प्रश्न त्या छावण्यांत केवळ देशप्रेमाचा नव्हता. घेतलेल्या शपथेचे काय, जपान्यांवर विश्वास ठेवावा का, आपण नकार दिला तर आपल्या जवानांचे काय हाल होतील, असे अनेक पेच त्यात होते. काही अधिकारी स्वातंत्र्याच्या ध्यासाने गेले, काही जवानांच्या रक्षणासाठी, काही अगतिकपणे. आझाद हिंद सेनेबद्दल लिहिताना आपल्याकडे बहुतेकदा सगळ्यांना एकाच तेजात न्हाऊ घातले जाते. त्यामुळे या माणसांचा निर्णय किती अवघड होता हे झाकले जाते आणि त्यांच्यावर अन्यायच होतो.

पहिली आझाद हिंद सेना चार महिनेही टिकली नाही. सुमारे सोळा हजारांची ही फौज जपान्यांच्या हातातले बाहुले ठरणार नाही, अशी ठोस हमी मोहनसिंग मागत होते. ती मिळेना. डिसेंबर १९४२ च्या अखेरीस जपान्यांनी मोहनसिंग यांना अटक केली आणि त्यांनी आधीच देऊन ठेवलेल्या आज्ञेप्रमाणे सेना विसर्जित झाली. या पडझडीतून जे सावरले गेले त्याचे बरेचसे श्रेय भोसले यांच्याकडे जाते. रासबिहारी बोस यांच्या देखरेखीखाली १९४३ च्या प्रारंभी एक लष्करी कार्यालय स्थापन झाले आणि भोसले त्याचे संचालक झाले. शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल, हबिबुर रहमान, महंमद झमान कियानी हे पुढे गाजलेले अधिकारी या रचनेत होते. अधिकाऱ्यांची मते अजमावणे, ज्यांना राहायचे नाही त्यांना वेगळे करणे, उरलेल्यांची पुन्हा बांधणी करणे, हे काम कंटाळवाणे आणि श्रेयहीन होते. सुभाषचंद्र बोस २ जुलै १९४३ रोजी सिंगापुरात उतरले आणि ५ जुलैला त्यांनी पाडांगच्या मैदानावर सेनेची मानवंदना घेतली. ती घेण्यासाठी तेथे सेना उभी होती, ही गोष्ट त्या प्रसंगाच्या वर्णनात क्वचित येते.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली तेव्हा सेनेचे प्रतिनिधी म्हणून ज्या अधिकाऱ्यांना मंत्रिमंडळात घेतले त्यांत भोसले होते. राजकारणातले त्यांचे पहिले पाऊल म्हणायचे तर ते हे. पुढच्या दोन वर्षांत इंफाळ, कोहिमा, इरावतीचा काठ येथे जे घडले ते सर्वज्ञात आहे. त्या लढायांतली नावे शाहनवाझ, सहगल, धिल्लन यांची आहेत. भोसले सेनेच्या मुख्यालयातले. रसद, भरती, प्रशिक्षण, बदल्या यांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या वाट्याला पोवाडे येत नाहीत. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. सुभाषबाबू १७ ऑगस्टला बँकॉकहून शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा तेथील माणसांची जबाबदारी ज्यांच्यावर टाकून गेले त्यांत भोसले होते. पराभूत सेना शिस्तीने शत्रूच्या स्वाधीन करणे, हे सेनापतीचे सर्वांत कडू काम.

युद्धानंतर तेही ब्रिटिशांच्या कैदेत गेले. लाल किल्ल्यातला गाजलेला खटला ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. त्यातले आरोपी सहगल, धिल्लन आणि शाहनवाझ. भोसले त्यांत नव्हते. या खटल्याने देश ढवळून निघाला आणि तीन नावे घरोघरी पोहोचली. बाकीची इतिहासाच्या पानांत राहिली. हुद्द्याने वरचे असूनही भोसल्यांचे नाव मागे का पडले, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

देश स्वतंत्र झाला. आझाद हिंद सेनेच्या घोषणा, तिचे 'जय हिंद', सरकारी समारंभांत आले. सैनिक मात्र सैन्यात परत आले नाहीत. अन्य सरकारी नोकऱ्यांची दारे त्यांना बंद नव्हती, लष्कराची होती. ज्या अधिकाऱ्यांनी ब्रह्मदेशात आझाद हिंद सेनेशी लढाई केली त्यांच्याच हातात आता स्वतंत्र भारताचे सैन्य होते. दोन्हींना एका छावणीत आणले तर शिस्त मोडेल, ही भीती नेहरू सरकारला वाटली. शपथ मोडण्याला बक्षीस दिले तर उद्याचा सैनिक काय शिकेल, असाही युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. शेजारच्या देशांत पुढे लष्कराने सत्ता बळकावण्याचे जे प्रकार झाले ते पाहता हा निर्णय दूरदृष्टीचा होता, असे म्हणणारे आहेत. परंतु ज्यांनी किंमत मोजली त्यांच्या दृष्टीने ती कृतघ्नताच होती.

साम्राज्याच्या सैन्यात घडलेला अधिकारी आपल्या लोकांच्या राजकारणात उतरतो, ही गोष्ट त्या काळात आशियात ठिकठिकाणी दिसते. सुलेमानियाचे कुर्द अधिकारी तौफिक वहबी ऑटोमन सैन्यात वाढले, ते साम्राज्य कोसळल्यावर इराकच्या सेवेत आले, पुढे मंत्री झाले. मात्र त्यांची कीर्ती टिकली ती कुर्दी भाषेचे अभ्यासक म्हणून. ब्रह्मदेशात आँग सान यांनी जपानच्या साह्याने फौज उभारली, १९४५ मध्ये तीच फौज जपानवर उलटवली आणि तिच्या बळावर ते देशाचे नेते झाले. १९४७ च्या जुलैमध्ये त्यांची हत्या झाली. वहबींच्या कुर्दांना स्वतःचे राज्य मिळालेच नाही. आँग सान यांच्या देशाला ते मिळाले, पण सत्ता सैन्याच्या सावलीतून सुटली नाही. भोसले यांचा मार्ग या दोघांपेक्षा वेगळा ठरला. त्यांच्यापाशी फौज उरली नव्हती. होती ती मतपेटी.

त्यांच्या सहकाऱ्यांची फाटाफूटही विलक्षण आहे. शाहनवाझ खान काँग्रेसमध्ये आले आणि नेहरूंच्या सरकारात उपमंत्री झाले. मोहनसिंग कालांतराने राज्यसभेत गेले. सहगल कानपूरला उद्योगात रमले. कियानी पाकिस्तानात गेले आणि १९४७ च्या काश्मीर संघर्षात त्या बाजूने एका आघाडीचे सूत्रचालन त्यांनी केले. सिंगापुरात एका कार्यालयात बसलेली माणसे पाच वर्षांत सीमेच्या दोन बाजूंना उभी होती.

भोसले १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता. नेहरूंनी त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री केले. खात्याचे मंत्री आधी अजितप्रसाद जैन आणि १९५४ पासून मेहेरचंद खन्ना. उपमंत्र्याला संसदेत प्रश्नांची उत्तरे द्यायची, छावण्यांतले गाऱ्हाणे ऐकायचे आणि दौरे करायचे असतात. धोरण ठरवण्यात त्याचा हात फारसा नसतो. तरीही हे खाते त्यांना साजेसे होते. विस्कटलेल्या माणसांची मोजणी करून त्यांना पुन्हा उभे करण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला होता?

१९५१ च्या जनगणनेत फाळणीने विस्थापित झालेल्यांची संख्या सुमारे ७३ लाख भरली. याची झळ ठाणे जिल्ह्यालाही थेट लागली होती. डोंबिवलीच्या पुढे कल्याण ओलांडले की विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्थानके लागतात. तेथे महायुद्धाच्या काळात लष्कराची मोठी छावणी होती, सैनिक ये-जा करताना थांबत त्यासाठी बांधलेली. फाळणीनंतर सिंधमधून समुद्रमार्गे आलेल्या निर्वासितांना या बराकींत आणले गेले आणि सुमारे एक लाख माणसे तेथे कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' हे पत्ते मात्र अजून टिकून आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांसाठी बांधलेल्या छावणीतही पुढे सिंधी कुटुंबे आली आणि तेथे गांधीनगर वसले. पंजाबी निर्वासितांना निदान अर्धा पंजाब भारतात मिळाला होता. सिंध्यांना आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. मागे सोडलेल्या मालमत्तेच्या बदल्यात भरपाई देण्याचा कायदा १९५४ मध्ये झाला. दावे, पडताळणी, हप्ते, तक्रारी यांचे डोंगर या खात्यात साचत होते.

मालमत्तेची भरपाई कागदावर मोजता येते. छावणीत वाढणाऱ्या मुलाची भरपाई कशी मोजायची? ज्यांनी कत्तली पाहिल्या, ज्यांची शाळा सुटली, ज्यांच्या दिवसाला वेळापत्रक उरले नाही अशी लाखो मुले देशभर होती. शिधा, कपडे आणि डोक्यावर छप्पर मिळाल्यावरही ती सैरभैर होती. सरकारी शब्दांत याला 'बेशिस्त' म्हणत. भोसले यांनी त्यावर स्वतःला माहीत असलेला उपाय केला. १९५४ मध्ये दिल्लीच्या लजपतनगरातील कस्तुरबा निकेतन या निर्वासित स्त्रिया आणि मुलांच्या वसतिगृहात त्यांनी एक उपक्रम सुरू केला. रोज ठरावीक वेळी मैदानावर जमायचे, सामूहिक कवायत, व्यायाम, खेळ, राष्ट्रगीते, थोरांच्या गोष्टी, नागरिकाची कर्तव्ये. यातूनच 'राष्ट्रीय शिस्त योजना' आकाराला आली. इंग्रजी आद्याक्षरांनी ती 'एनडीएस' म्हणून ओळखली जाऊ लागली. साठच्या दशकात महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्यांना 'एनडीएस'चे मास्तर आठवत असतील.

ही कल्पना निर्वासितांच्या शाळांबाहेर पसरली. प्रारंभी पुनर्वसन खात्यात असलेली योजना शिक्षण खात्याकडे गेली. शिक्षक तयार करण्यासाठी राजस्थानात सरिस्का येथे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. मंत्रिपद सुटल्यावरही भोसले यांनी योजना सोडली नाही. त्यांच्या राजकीय आयुष्याचे टिकाऊ फळ म्हणायचे तर हेच. निवडून येणे, मंत्री होणे हे त्या काळी अनेकांना साधले. मैदानावर रांगेत उभी असलेली हजार मुले हे त्यांचे स्वतःचे काम होते.

या कामावर टीका झाली आणि ती ऐकायला हवी. कवायतीने शिस्त येते ती हुकूम असेपर्यंत, असे शिक्षणतज्ज्ञ म्हणत. लोकशाहीत विचार करणारा नागरिक हवा, पावले जुळवणारा नव्हे. शिवाय शाळांत एकाच वेळी एन. सी. सी., तिच्या जोडीची ए. सी. सी., शारीरिक शिक्षण आणि आता ही योजना अशी गर्दी झाली. कोणाचा तास कोणी घ्यायचा याचीच भांडणे. सरकारने १९५९ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. टीकाकारांचा मुद्दा सामान्य शाळेपुरता खरा असेल. पण ज्या मुलांसाठी ही योजना जन्मली त्यांच्या आयुष्यातला सगळा क्रमच उधळला गेला होता. उद्या याच वेळी, याच मैदानावर, हेच मास्तर आपली वाट पाहणार आहेत, एवढी खात्री त्यांना कवायतीने दिली असेल तर ती थोडी नव्हती. सर्वच शाळांना एकच मात्रा लागू करण्याच्या सरकारी हौसेत हा मूळ हेतू विरघळला, असे दिसते.

कोकणच्या राजकारणात मात्र भोसले यांची मुळे खोल गेली नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मुंबईत रक्त सांडले आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. भोसल्यांनी तो मार्ग धरला नाही. आज्ञा मानणारा सैनिक सरकारात राहिला, की पुनर्वसनाचे काम अर्धे टाकवेना म्हणून राहिला, याचा निवाडा कोणी कसाही करावा. मतदारांनी काँग्रेसचा निवाडा १९५७ मध्ये केला. राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै आणि रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. सभा जिंकणाऱ्या वक्तृत्वाचा तो काळ होता. मुख्यालयातल्या कामात मुरलेल्या माणसाला त्यात जागा मिळणे कठीणच.

१९६२ च्या ऑक्टोबरात चिनी आक्रमण झाले आणि देशाला एकाएकी शिस्त, कवायत, सज्जता हे शब्द आठवले. पूर्व विभागाचे प्रमुख असताना धोक्याचा इशारा देऊन ठेवणारे थोरात तोवर निवृत्त झाले होते. नंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. १९६३ मध्ये महाविद्यालयांत एन. सी. सी. सक्तीची झाली. त्याच वर्षी भोसले यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न.

कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९६५ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना गुंडाळून तिचे 'नॅशनल फिटनेस कोअर'मध्ये रूपांतर झाले. नव्या नावाला जुन्याची ऊब नव्हती. १९७२ मध्ये केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले आणि आझाद हिंद सेनेच्या जवानांना त्यात स्थान मिळाले. साधारण त्याच दशकात केंद्राने शारीरिक शिक्षणाच्या या शिक्षकांना राज्य सरकारांकडे वर्ग करायला सुरुवात केली. केंद्राची नोकरी म्हणून आलेल्या या मास्तरांची वेतनश्रेणी कोणती, सेवाज्येष्ठता कोठून धरायची, निवृत्तिवेतन कोणी द्यायचे, यावरून तंटे उद्भवले आणि त्यांतले काही न्यायालयांपर्यंत गेले. तोपर्यंत लजपतनगरच्या मैदानावर पहिल्या रांगेत उभी राहिलेली मुले मोठी होऊन संसाराला लागली होती.